मिस्त्री, हे इथं कशाला? वऱ्हाडातल्या सुतारांस खुले पत्र

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या समस्त सुतार-मिस्त्र्यांना, फर्निचरच्या ठेकेदारांना, आणि त्यांच्या हातात नकाशे देणाऱ्या इंटिरियरवाल्या मंडळींना,



माझ्या बैठकीत एक कपाट आहे. त्याचं दार सात फूट उंच, दीड फूट रुंद. 19 एमएमचं प्लायवूड, बाहेरून चॉकलेटी सनमायका, आतून नुसता पांढरा रंग. तीन वर्षांपूर्वी बसवलं तेव्हा दोन दारांच्या मधून पोस्टकार्ड सरकत नव्हतं. आज उजव्या दाराचा वरचा कोपरा पाऊण इंच बाहेर आला आहे. ज्यांनी केलं त्या मिस्त्रींना बोलावलं. भला माणूस, पहिल्याच फोनला आला. दाराला हात न लावताच म्हणाला, "भाऊ, प्लाय तं मी सातशे दहाचंच लावलं होतं. पक्कं वॉटरप्रूफ. पानी पडलं तरी काई होत नाई."

मी विचारलं, "मिस्त्री, पण बैठकीत पाणी कुठून पडणार?"

तो हसला, मीही हसलो. चहा झाला. दार तसंच राहिलं. दाराच्या बरोबर समोरच्या खिडकीत आमचा कूलर आहे, त्याच्याकडे दोघांपैकी कोणाचंच लक्ष गेलं नाही. माझं गेलं ते पुढच्या मार्चमध्ये, कूलरला नवीन ताट्या लावताना.

हे पत्र त्या दारामुळे लिहितो आहे. पण तक्रार त्या एका दाराची नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत मी नातेवाइकांची, मित्रांची आणि स्वतःची मिळून बरीच घरं सजताना पाहिली. अमरावतीत पाहिली, अकोल्यात पाहिली, अकोट-दर्यापुरातही पाहिली. सगळीकडे तेच 19 एमएम, तेच सनमायका, तोच फेविकॉल, तीच पट्टी. बैठक असो, मोरी असो, देवघर असो. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भाऊ, पुऱ्या अमरावतीत हेच चालू आहे."

चालू आहे, हे खरं. पण चालू असणं हे काही कारण झालं नाही.

मी सुताराचा मुलगा आहे. स्वतः रंधा धरला नाही, शाळेत शिकवून पोट भरलं, त्यामुळे तुम्हाला शिकवायचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो. पण लहानपणी बाबांच्या हाताखाली फळ्या धरल्या आहेत. गिऱ्हाईक येऊन "एक पेटी करून द्या" म्हणालं की बाबा लाकडाकडे वळायचेच नाहीत. आधी विचारायचे, कुठं ठेवणार? जमिनीवर की पाटावर? आत काय ठेवणार? धान्य म्हटलं तर कडुनिंब. लुगडी म्हटली तर साग. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा, वखराचं लाकूड बाभळीचं, दाराची चौकट सागाची. एका कामाचं लाकूड दुसऱ्या कामाला लावलेलं त्यांना दिसलं की जेवताना मीठ जास्त झाल्यासारखं तोंड करायचे आणि म्हणायचे, "हे इथं कायले?"

तोच प्रश्न मी आज तुम्हाला विचारतो आहे.

आधी त्या वॉटरप्रूफचं बघू. आपण काही मालवणात राहत नाही. मुंबईत भिंतींना बारा महिने ओल, तिथल्या माणसाला पाण्याचं भय असणं साहजिक आहे. वऱ्हाडात सात-आठ महिने पाण्याशी गाठच पडत नाही. इथला शत्रू वेगळा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, हवेत इतका कोरडेपणा की ओला पंचा दोरीवर टाकून वळावं तोवर वाळतो. मग जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट होऊन मीठ पाझरू लागतं. लाकूड ही हवा पीत असतं आणि ओकत असतं. एक फूट रुंदीची, आडव्या चिरेची सागाची फळी मे अखेरीला मोजा आणि ऑगस्ट अखेरीला मोजा. जवळजवळ दीड सुताचा फरक निघतो. सागाचा हा फरक कमीतला, म्हणून तर त्याचं नाव. बाकीची लाकडं त्याहून जास्त हलतात. जुन्या सुतारांनी दारातली फळी चौकटीच्या खाचेत सैल सोडली, तिला खिळा मारला नाही, सरस लावला नाही, ते याच दीड सुतासाठी. तिला श्वास घ्यायला जागा ठेवली होती.

प्लायवूडचं मोठेपण असं की त्याचे पदर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते असं फारसं हलत नाही. हे मी नाकारत नाही. मोठ्या, सपाट, रुंद कामाला प्लायसारखी वस्तू नाही. पण त्याच्या एका अंगाला सनमायका चिकटवून तुम्ही वाट बंद केली आणि दुसरं अंग रंगावर सोडलं, तर बंद अंग गप्प बसतं आणि उघडं अंग हवेबरोबर फुगतं, आकसतं. ओढाताण सुरू. त्यात आपल्याकडे मार्च ते जून कूलर. बाहेर रखरखीत ऊन आणि घरात ताट्यांतून येणारी ओली हवा, तीही एकाच दिशेनं. रात्री कूलर, दुपारी वीज गेली की भट्टी. सात फुटी दारानं वाकू नये तर काय करावं?

उपाय तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. दोन्ही अंगांना सारखं सनमायका लावायचं, निदान आतून 0.8 चं पांढरं तरी, पण लावायचंच. आणि इतक्या उंच दाराला प्लायऐवजी ब्लॉकबोर्ड घ्यायचा, कारण त्याच्या आतल्या उभ्या पट्ट्या दाराला सरळ धरून ठेवतात. हे दुकानदाराला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. मला मात्र कोणी सांगितलं नाही. मला सांगितलं गेलं ते फक्त "सातशे दहा".

या सातशे दहाबद्दल थोडं बोलतो, कारण आकडा ऐकूनच गिऱ्हाईक गार होतं. आयएस 710 हे मरीन प्लायचं मानक. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे पदर सुटता कामा नयेत. म्हणजे मुख्य कसोटी सरसाची. आयएस 303 मध्ये दोन प्रती, एक एमआर, म्हणजे दुकानातलं "कमर्शियल", आणि दुसरी बीडब्ल्यूआर. एमआरमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा सरस, तो दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. सातशे दहामध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा, तो उकळलं तरी सोडत नाही. आता सांगा, बैठकीतल्या टीव्हीच्या खोक्याला उकळत्या पाण्याची कसोटी कशाला? तिथे चांगलं, आत पोकळी नसलेलं एमआर पुरे आहे. वाचलेले पैसे दोन्ही अंगांच्या सनमायक्याला लावा, चांगल्या बिजागऱ्यांना लावा.

आणि जिथे खरंच पाणी आहे तिथे काय लावता? माझ्या धाकट्या भावाच्या अकोल्याच्या घरात स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवल्या. वर चकचकीत लाल, ढकलल्या की आवाज न होता बंद होणाऱ्या. सिंकच्या खालचा डबा मात्र पार्टिकल बोर्डाचा. सिंकच्या नळीला बारीकशी गळती होती, कोणाला कळलीसुद्धा नाही. पहिला पावसाळा जाईपर्यंत खालची फळी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगली. वहिनीनं बोट लावलं तर बोटाबरोबर भुसा आला. ठेकेदाराचं म्हणणं, गळती तुमची, फळी आमची नाही. ते नाव घेण्याजोगं प्रकरण नाही, असली शेकडो घरं असतील.

वाईट याचं वाटतं की आपल्याच आयांच्या स्वयंपाकघरांत ओट्याखाली कडप्पा होता. उभा कडप्पा, आडवा कडप्पा, त्यावर डबे. त्याला वाळवी लागत नव्हती, तो कुजत नव्हता, पाणी सांडलं तर पुसायचं. ट्रॉल्या हव्यात तर ठेवा, पण सिंकच्या खालच्या तीन फुटांत लाकूड नावाची वस्तूच कशाला? तिथे कडप्पा ठेवा आणि पुढे फक्त दार लावा. खारपाणपट्ट्यातल्या गावांत तर हे दुप्पट खरं आहे. अकोट, तेल्हारा, दर्यापूर भागात जिथे बोअरचं खारं पाणी फरशी पुसायला वापरतात, तिथे भिंतीच्या खालच्या वीतभर भागात मीठ फुलतं. तिथे जमिनीला टेकवलेलं प्लाय आणि साधे लोखंडी स्क्रू म्हणजे तारीख टाकून दिलेला चेक. कपाट चार बोटं वर उचला, खाली दगडाची किंवा स्टीलची बैठक द्या. वाळवीलाही तेवढीच अडचण.

वाळवीवरून सागाकडे येतो. इथे मात्र आधी माझीच चूक सांगायला हवी.

2011 मध्ये घर बांधलं तेव्हा मी हट्ट धरला, पुढची चौकट सागाचीच पाहिजे. सुताराचा मुलगा ना. मिस्त्री म्हणाला स्टीलची बसवू, मी नाही म्हणालो. बाजारातून साग आणला. पावती सागाची, भाव सागाचा, रंग मात्र फिकट पिवळसर. चार वर्षांनी चौकटीच्या उंबऱ्याजवळ मातीची नळी दिसली. टोकरून पाहिलं तर आत पोकळ. साग आणि वाळवी! बाबा असते तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती, कारण त्यांनी मला परतवाड्याच्या डेपोत उभं करून शिकवलं होतं.

परतवाडा अमरावतीपासून पन्नास-एक किलोमीटर, मेळघाटच्या पायथ्याशी. वनखात्याच्या डेपोत सागाच्या लठ्ठ्यांच्या थप्प्या लागायच्या, प्रत्येक टोकाला हॅमरचा ठसा आणि नंबर. लिलावाच्या आदल्या दिवशी बाबा तिथे जाऊन प्रत्येक लठ्ठ्याचं टोक ओल्या फडक्यानं पुसायचे. ओलं झालं की मधला गडद गाभा आणि भोवतीचं पांढरं वेगळं दिसायचं. पांढऱ्याची जाडी बोटानं मोजायचे. मग दोरीनं घेर घ्यायचे, घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग, गुणिले लांबी. या हिशेबात गोल लठ्ठ्याचा पंचमांशाहून थोडा जास्त भाग मोजलाच जात नाही, म्हणून चौकोनी चिरताना जे निघून जातं त्याचे पैसे पडत नाहीत. इंग्रजांच्या काळापासूनची पद्धत. आणि जाताना एकच वाक्य: "पांढरं सागाचं असलं तरी साग नाही."

सागाला वाळवी लागत नाही, ती गाभ्याला. गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात, ती वाळवीला सोसत नाहीत. पांढऱ्यात ती नसतात. आणि कोवळ्या झाडात पांढरंच जास्त. नव्वदीच्या दशकात साग लावा आणि वीस वर्षांत कोट्यधीश व्हा अशा योजनांच्या जाहिराती आठवतात का? आमच्या शाळेतल्या दोन मास्तरांचे पैसे त्यांत गेले. जो साग उगवला तो पंधरा-वीस वर्षांत कापला गेला आणि "सागवान" या एकाच नावानं बाजारात आला. शिवाय घाना, आयव्हरी कोस्टचा लागवडीचा साग कांडला बंदरात उतरून इथपर्यंत येतो. नाव एक, भाव साधारण एक, वस्तू वेगवेगळी. माझ्यासारखं हौशी गिऱ्हाईक नावावर भुलतं. तुम्ही तरी फडकं ओलं करून पुसा ना.

यात एक गंमत आहे, कडू गंमत. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग 2023 मध्ये आपल्याच विदर्भातून, बल्लारशाच्या डेपोतून गेला. संसदेच्या नव्या इमारतीलाही नागपूरकडचाच साग. देशानं निवडून घ्यावं असं लाकूड आपल्या दाराशी, आणि आपल्या दारांना मात्र आफ्रिकेतलं पांढरं. पैशाचं कारण मला कळतं. पण कारण नुसतं पैशाचं नाही. मेळघाट 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. केंद्राच्या बांधकाम खात्यानं 1993 मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरायलाच बंदी केली. 1996 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन प्रकरणात आदेश देऊन जंगलांतली तोड मंजूर कार्य आयोजनेपुरती बांधून टाकली. यातलं बरंचसं योग्यच होतं, वाघाच्या घरातलं लाकूड मला माझ्या चौकटीला नकोच आहे. पण त्या पाच-दहा वर्षांत सुताराच्या एका पिढीच्या हातून लाकूड निसटलं आणि प्लाय आलं. बांधकाम खात्यानं ती बंदी 2020 मध्ये उठवली. सवय मात्र उठली नाही.

आता माझी खरी विनंती. लाकूड म्हणजे साग किंवा मग प्लाय, असे दोनच रस्ते आहेत असं तुम्ही का धरून चालता?

वऱ्हाडात शेताच्या धुऱ्यावर बाभळी आहेत, कडुनिंब आहेत. वादळात पडतात, विहिरीच्या कामात निघतात, वाटण्या झाल्या की तोडले जातात. जातात कुठे? वीटभट्टीत आणि स्मशानात. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत सोळा झाडं आहेत. साग, मोह, चिंच, आंबा, बीजा, हळदू, तिवस, ऐन अशी. कडुनिंब आणि बाभूळ त्यांत नाहीत. शहराच्या हद्दीत परवानगी लागतेच आणि लागायलाच हवी, पण खेड्यातल्या पडलेल्या निंबाची फळी काढायला हरकत कोणाची?

बाभूळ सागाहून जड आणि कठीण. तिनं शतकानुशतकं बैलगाडीची चाकं सोसली. ती जिन्याच्या पायऱ्या सोसणार नाही? टेबलाचे पाय, बाकाच्या दांड्या, दाराचे उंबरठे, जिथे मार बसतो तिथे बाभूळ. तिला कीड लागते हे खरं, म्हणून जुने लोक ओंडके पाच-सहा महिने नाल्यात, डबक्यात बुडवून ठेवत. आतला रस धुऊन गेला की किड्याला खायला उरत नाही. निंबाचं उलटं. रेषा उलटसुलट, रंध्याला त्रास देतो, दोन बोटं गेलं की फाडतो. पण कडू आहे. कपड्यांच्या कपाटाचे आतले खण, धान्याची कोठी, पुस्तकांची मांडणी, याला निंबासारखं लाकूड नाही. पॉलिश केलं तर लालसर चमक येते, सागाशेजारी ठेवलं तरी लाज वाटत नाही. पण एकाही ठेकेदाराच्या नमुन्यांच्या फायलीत मला निंबाचा तुकडा दिसला नाही. सनमायक्याचे चारशे तुकडे दिसले, त्यांत "निंबाच्या लाकडाचा भास" देणारासुद्धा एखादा असेल.

आणि जुनं लाकूड. अचलपुरात, कारंज्यात, बाळापुरात वाडे पडताहेत. शंभर वर्षं मुरलेल्या सागाच्या तुळया, खांब, कडीपाट ट्रकमध्ये भरून जातात. नेणारे जाणते व्यापारी असतात, मोठ्या शहरांत त्याचं फर्निचर करून दसपट भावानं विकतात. आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीला ते नको असतं, का तर आत खिळे असतात, आऱ्याचं पातं जातं. खरं आहे, जातं. पण एक चुंबक आणि एक पक्कड घेऊन दुपारभर बसलं तर जात नाही. आमच्या घरी बाबांनी जुन्या माळवदाच्या एका तुळईतून माझ्या बहिणीच्या लग्नाचा पलंग काढला होता. तो आजही तिच्या सासरी आहे, फक्त पाट्या बदलल्या.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सगळं बरं आहे, पण आम्हाला मिळतं काय? हा मुद्दा मी टाळत नाही, कारण सगळ्या सवयीचं मूळ मला इथेच दिसतं. तुमची मजुरी स्क्वेअर फुटावर ठरते. प्लायची शीट आठ बाय चार, बत्तीस फूट, कापली, चिकटवली, मोजली, पैसे. निंबाची फळी निवडायची, वाळवायची, रंधायची, कुसू काढून सांधा बसवायचा, त्यावर खुंटी ठोकायची, याचा स्क्वेअर फूट कसा मोजणार? एका कुसूला लागणारी अर्धी दुपार कोणत्याच बिलात बसत नाही. म्हणून सांधा गेला, स्क्रू आला. त्यात दुकानदाराचं कमिशन, सरसाच्या डब्यातली कुपनं. जेवढी शीट जास्त तेवढा तुमचा फायदा, मग कपाट दोन फूट खोल का असेना, त्यात हात पोचो न पोचो.

दोष आम्हा गिऱ्हाइकांचाही आहे. आम्ही भाव विचारतो तो फुटाचा. "तो शेजारचा इतक्यात करतो" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. तेव्हा यापुढे माझ्यापुरतं ठरवलं आहे: अस्सल लाकडाच्या कामाला रोजानं पैसे द्यायचे. रोज ठरवा, दिवस अंदाजे सांगा, चार दिवस वर गेले तर मी कुरकुर करणार नाही. बिलावर मात्र लिहून द्या, कोणतं प्लाय, त्यावर कोणता आयएस नंबर, कुठल्या भागात लावलं, लाकूड कुठलं. कापलेल्या शीटचा एक वीतभर तुकडा माझ्याकडे ठेवा. कडेला पदर मोजता येतात, पोकळी दिसते, पुढे भांडण होत नाही.

इंटिरियरवाल्या मंडळींनो, तुम्हाला थोडक्यात. चार फूट लांबीचा, 19 एमएमचा, मध्ये आधार नसलेला पुस्तकांचा फळा काढणं सोडा. तीन फुटांचा चार फूट केला की फुटामागे तेवढ्याच भाराखाली वाकणं तिपटीहून वाढतं. फळी 25 एमएमची केली की निम्म्याहून कमी होतं. पुढच्या कडेला सागाची दीड इंची पट्टी उभी लावली तरी फळा ताठ राहतो, आणि पश्चिमेच्या खिडकीशेजारी हातानं चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी उन्हानं सुटते तशी ती सुटतही नाही. देवघर एमडीएफचं करू नका. मशीननं कोरलेली जाळी सुंदर दिसते, कबूल. पण तिथे रोज अभिषेकाचं पाणी सांडतं, तेल सांडतं, निरांजन तेवतं. दोन श्रावणांत जाळीची खालची महिरप फुगून देवाच्या पायाशी पापुद्रे पडलेले मी पाहिले आहेत.

आणि लहान मुलांच्या खोल्या. स्वस्त एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि कमर्शियल प्लाय यांतून फॉर्मल्डिहाइडचा वायू निघत राहतो. नव्या कपाटात डोकं घातल्यावर डोळे चुरचुरतात तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत घातलं. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू जास्त सुटतो, आणि आपल्याकडे दोन्ही आहेत, एकात एक मिसळून. बोर्डावर ई-1 किंवा ई-0 लिहिलेलं आहे का बघा, उघड्या कडा बंद करा, आणि काम झाल्यावर खोली महिनाभर उघडी ठेवायला सांगा. वास्तुशांतीचा मुहूर्त त्याप्रमाणे काढता येतो.

मिस्त्री, एक शेवटचं मागणं. 2023 पासून केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15 हजार रुपये मिळतात, सुतारकाम त्या अठरा धंद्यांत आहे. बऱ्याच जणांनी घेतले असतील. ड्रिल आलं, कटर आलं. त्यासोबत लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटर घ्या. दोन सुया फळीत टोचायच्या, आकडा दिसतो. चांगल्या ड्रिल मशीनपेक्षा स्वस्त पडतं. आरा मशीनवरून आलेली ओली फळी आठवडाभरात कपाट होऊन भिंतीला लागते आणि मेमध्ये तिला अंगठ्याएवढी भेग पडते, मग "लाकूडच खराब निघालं" असं होतं. लाकूड खराब नव्हतं, ओलं होतं.

माझ्याकडे अकोटच्या घरी निंबाच्या नऊ फळ्या आहेत. अंगणातलं झाड जूनच्या वादळात आडवं झालं, त्यातून चिरून घेतल्या. सव्वा इंच जाड, सात ते नऊ फूट लांब, एकीला मधोमध गाठ आहे. कोठ्यात सावलीला, फळीफळीत काड्या घालून रचल्या आहेत, वर दगड ठेवले आहेत. यंदा दुसरा उन्हाळा संपला. मला त्यांचं पुस्तकांचं कपाट करून हवं आहे, दारं नकोत, खण चार, सांधे कुसूचे, स्क्रू नाही. रंध्यानं लाकूड फाटेल, त्रास होईल, हे माहीत आहे. रोज तुम्ही सांगाल तो. गाठीची फळी कुठे वापरायची तेही तुम्हीच ठरवा.

ज्याला करून पाहायचं असेल त्यानं यावं. पत्ता संपादकांकडे आहे. येताना ते ओल मोजायचं मीटर असेल तर आणा, माझ्याकडे नाही.

आपला,
एका सुताराचा मुलगा
राजापेठ, अमरावती